पुरे कोणी म्हणायचे?

कीर्तनाला उभे राहणे सोडून आता सहा वर्षे झाली. गळा गेला, गुडघे गेले, बोलायची खोड तेवढी राहिली. म्हणून आज एका दह्याच्या दुकानाची हकीकत सांगतो. हे दुकान आपल्या शहापूर-मुरबाडकडचे नव्हे, सातासमुद्रापलीकडचे आहे. पण त्यातून निघालेला प्रश्न आमच्या गावच्या सप्ताहात येऊन उभा राहिला आणि अजून माझ्या मानेवर बसला आहे.

2014 साली मी आणि आमची मंडळी मुलाकडे कॅलिफोर्नियात दोन महिने होतो. एका शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर नात म्हणाली, "आजोबा, चला, तुम्हाला दही खायला नेते." रात्री दही खाऊ नये हे आम्ही लहानपणापासून ऐकलेले. पण नातीपुढे आयुर्वेद चालत नाही.

दुकानात शिरलो तर वाढायला कोणी नाही. दाराशी कागदाचे पेले रचून ठेवलेले. एकेक पेला आपल्या वरणाच्या वाटीच्या चौपट असावा. त्याहून लहान पेलाच नव्हता. समोरच्या भिंतीत ओळीने यंत्रे. यंत्राचा दांडा खाली ओढला की गोठवलेले गोड दही वेटोळे घेत पेल्यात उतरते. दोन तोट्यांतून दोन चवी येतात, मधला दांडा ओढला तर दोन्हींचा पीळ पडतो. दांडा सोडाल तेव्हा दही थांबेल. पुढे फळांच्या फोडी, बदाम, अक्रोड, चॉकलेटाचे तुकडे, रंगीत गोळ्या, सगळे उघड्या भांड्यांत, प्रत्येकात डाव ठेवलेला. हवे ते, हवे तेवढे घ्यायचे. शेवटी वजनकाटा आणि त्यामागे एक मुलगी. पेला काट्यावर ठेवायचा; दही असो की अक्रोड, औंसाला भाव एकच. त्यांचा औंस म्हणजे आपले अठ्ठावीस ग्रॅम. मुलगा म्हणाला, ही तऱ्हा फार जुनी नाही. कॅलिफोर्नियातच फुलर्टन गावी 2006 साली योगर्टलँड नावाचे असे दुकान निघाले, दुसऱ्या वर्षी मेंचीज नावाचे, आणि मग गावोगाव झाली.

मी बाकावर बसून माणसे पाहत राहिलो. कीर्तनकाराला ती सवयच असते; समोरच्या श्रोत्याचे तोंड वाचता आले नाही तर कीर्तन रंगत नाही. एक तरुण आला. त्याने दही बेताने घेतले आणि वर चुरमुऱ्यासारखे फुललेले हलके पदार्थ रचले, फळांना हात लावला नाही. नात हसून म्हणाली, "फळं जड असतात ना आजोबा, पैसे जास्त पडतात." एक आई लेकराचा हात दांड्यावर ठेवून वरून आपला हात धरून उभी होती, लेकरू ओढी, ती सोडवी. एका मुलाने चव पाहण्याच्या इवल्या पेल्यांतून झाडून सगळ्या तोट्या चाखल्या. आणि एक म्हातारी आली, माझ्याच वयाची. तिने त्या भल्या मोठ्या पेल्याच्या तळाशी दोन बोटे दही घेतले, वर चार बेदाणे टाकले, दीड-दोन डॉलर दिले आणि खिडकीशी बसून अर्धा तास ते खाल्ले. त्या बाईची मला आजही आठवण येते.

मग माझी पाळी आली. रंगीत गोळ्यांकडे हात गेला तेव्हा सूनबाईने हळूच सांगितले, "बाबा, त्या नको, त्यात जिलेटिन असतं." जनावरांच्या कातड्या-हाडांतून ते काढतात. गळ्यात तुळशीची माळ आहे, तेव्हा तिचे उपकारच मानले. बाकी मात्र मी काही सोडले नाही. आंब्याच्या चवीचे दही, नारळाचे, मग मधल्या दांड्याचा पीळ कसा पडतो ते पाहायला तेही. वर फळे, त्यावर बदाम. काट्यावर अठरा औंस भरले, अर्ध्या किलोच्या वर. नऊ डॉलरांच्या आसपास झाले. तेव्हाच्या भावाने पाचशे रुपयांहून अधिक. मुलाने पैसे दिले आणि काही बोलला नाही. त्याचे ते न बोलणे मला लागले.

निम्मे खाऊन पोट भरले. सूनबाई म्हणाली, "बाबा, टाका." पण पानात टाकायचे नाही, हा आमच्या फडाचा नियम. हट्टाने सगळे संपवले. सकाळी उठलो तर आवाज नाही. संध्याकाळी तिथल्या एका मराठी घरी कीर्तन ठरलेले, पंचवीस-तीस माणसे लांबून आलेली. अभंगाची चाल टाळकऱ्यांनी धरली आणि मी घोगऱ्या आवाजात कसेबसे प्रवचन केले. विषय काय होता सांगू? संतांचे वैराग्य.

त्या रात्री झोप आली नाही. वाटले, हे मी कसे केले? उभ्या आयुष्यात मी पंगतीत दुसऱ्यांदा बुंदी मागितली नव्हती. गावोगाव माझी ख्याती होती, की महाराजांचे जेवण मोजके. आणि जिथे कोणी ओळखत नाही अशा गावी, वाढणारा नाही असे पाहून, माझा हात दांड्यावरून निघेना!

पुष्कळ विचार केल्यावर लक्षात आले ते असे. पंगतीत वाढपी आग्रह करतो. तो भांडे पुढे करतो, मी पानावर हात आडवा धरतो; तो म्हणतो "महाराज, एवढी घ्याच", मी म्हणतो "पुरे". हे "पुरे" मी जन्मभर माझा संयम समजत आलो. पण ते उत्तर होते. कोणी विचारत होते म्हणून देता येत होते, आणि देताना चार माणसे ऐकत होती. त्या दुकानात विचारणारेच कोणी नव्हते, मग उत्तर कुठून यावे? माझा संयम वाढप्याच्या आग्रहाला टेकून उभा होता. वाढपी बाजूला झाला आणि संयम पडला. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले, की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. ज्ञानोबारायांनी त्यावर मापाच्या आहाराचे निरूपण केले. मी ते शेकडो वेळा सांगितले असेल. ते माप कोणाच्या हाती असते, हे मात्र मला कधी विचारावेसे वाटले नव्हते.

दुकानात काटा होता, हे खरे. काटा खोटे बोलत नाही. पण तो घेऊन झाल्यावर बोलतो. तुम्ही किती घेतले ते तो सांगेल. किती हवे होते ते त्याला ठाऊक नाही, आणि दुकानदाराला ते विचारायचेही नाही. म्हणून तर पेला मोठा.

ही हकीकत मी परत आल्यावर कीर्तनात दृष्टान्त म्हणून खूप वापरली. लोक हसत. दृष्टान्त घोटून घोटून गुळगुळीत झाला की त्याची टोचणी जाते. माझ्याही दृष्टान्ताचे तसेच झाले.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या सप्ताहात तरुण मंडळींनी काल्याच्या महाप्रसादाला पहिल्यांदाच बुफे केला. टेबलावर पातेली मांडली. ज्याने त्याने हाताने घ्यायचे. दोन तासांचे जेवण पाऊण तासात उरकले. मागे खड्ड्यात टाकलेला भात आणि बुंदी पाहून मात्र जीव कळवळला. यंदा जानेवारीत बैठक बसली तेव्हा मी उठलो, दह्याच्या दुकानाचा दृष्टान्त लावला आणि विचारले, "मला साठी उलटल्यावर हात आवरला नाही, तो पोराठोरांना आवरेल?" सगळे हसले. पुन्हा पंगत ठरली. मीही समाधानाने घरी आलो.

तिसऱ्या दिवशी आमच्या खालच्या कातकरी वाडीवरची एक म्हातारी अंगणात आली. सप्ताहाला दरवर्षी लाकडे आणून देते, कीर्तनाला मंडपाच्या कडेला बसते. ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "महाराज, बुफे तुमी बंद केला काय?" मी कारण सांगू लागलो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पंगतीत आमी शेवटाला बसतो. तवर भाजी सरते, नुसता रस्सा येतो. बुंदी तर हातावर मोजून पडते. टेबलावर मी माझ्या हाताने भाजी घेतली. वांगी घेतली. कोनी माझ्या तोंडाकडं बघितलं नाय."

मी गप्प राहिलो, कारण ती खरे बोलत होती आणि मला ते पूर्वीपासून ठाऊक होते. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी मी बावीस-तेवीस वर्षांचा, सप्ताहात वाढपी होतो. धान्य महाग, पातेले एक आणि माणसे फार. पहिल्या पंगतीला पाटील, पाहुणे, टाळकरी. तिथे मी डाव तळापासून फिरवून वाढला. शेवटच्या पंगतीला वाडीवरची माणसे. तिथे डाव वरवर फिरवला. मला तसे कोणी सांगितले नव्हते. हाताला आपोआप कळत होते, कुठे खोल जायचे आणि कुठे वरून निघायचे. त्यातल्या एकाने वर पाहिले होते. त्याला कळले, हे मला कळले. पुढे मी त्याच मंडपात चाळीस वर्षे समतेवर निरूपण केले.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला जाजली आणि तुलाधार यांची कथा सांगतात. जाजली एवढा मोठा तपस्वी, की पाखरांनी जटांत घरटे केले, अंडी घातली, पिल्ले मोठी होऊन उडाली, तरी तो हलला नाही. त्याचा त्याला गर्व झाला. तेव्हा धर्म शिकायला त्याला जावे लागले ते काशीच्या तुलाधार वाण्याकडे, दुकानावर. तुलाधाराचे सांगणे एवढेच, की माझा काटा सर्वांना सारखा आहे. हे आख्यान मी लावत असे तेव्हा जाजलीच्या जटांवरच श्रोत्यांना रमवीत असे. काट्यापाशी भरभर पुढे जात असे.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना काट्याचे महत्त्व विचारावे. रानातला डिंक, हिरडा, मोह घेऊन माणूस बाजारात जायचा, आणि माप व्यापाऱ्याच्या हाती. घ्यायचे माप वेगळे, द्यायचे वेगळे. 1956 च्या कायद्याने किलो-ग्रॅम आले, तरी दांडीवरचा अंगठा एकदम गेला नाही. ज्याच्या तीन पिढ्यांना दुसऱ्याने मोजून दिले, त्याला आपल्या हाताने घ्यायला मिळणे म्हणजे काय असेल? मला ते दुकान मोहाची जागा वाटले. त्या म्हातारीला ते कदाचित मोकळी जागा वाटले असते. पाण्याचेच पाहा ना. आमच्या तालुक्यातल्या तानसा-भातशाचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात आमच्याच वाड्यांवर टँकरपुढे बायका हंडे लावतात. संयमावरचे निरूपण मात्र नेहमी हंडेवाल्यांनाच ऐकवले जाते.

मग वाढपी नको, प्रत्येकाने हाताने घ्यावे, हेच बरे म्हणावे काय? तेही मला म्हणवत नाही. खड्ड्यातला भात मी पाहिला आहे, आणि माझा अठरा औंसांचा पेलाही. दोन दिवस मी काल्याचे कीर्तन मनात घोळवीत बसलो. गोपाळ आपापली शिदोरी आणतात, कोणाची गोड, कोणाची शिळी. पेंद्याच्या फडक्यात जे असेल ते असेल. सगळे एकत्र कालवले जाते आणि दही ते एकजीव करते. कालवल्यावर कोणाची कोणती हे ओळखू येत नाही. देवांनाही त्याचा लोभ सुटला, ते मासे होऊन यमुनेत आले, तेव्हा गोपाळांनी हात धुतलेच नाहीत, अंगाला पुसले, असे आम्ही सांगतो. तिथे वाढणारा आहेच. पण तो जेवणाऱ्यांच्या मध्ये बसला आहे, त्यांच्यातलाच एक होऊन, उष्टे खात. आणि घराघरांतले विरजण बघा. शेजारीण वाटी घेऊन येते, आपण चमचाभर देतो. ते कोणी तोलत नाही, आणि चमचाभराहून जास्त कोणी मागत नाही.

पुन्हा बैठक बोलावली. या खेपेस दृष्टान्त सांगितला नाही. बहात्तरनंतरच्या त्या पंगतीची गोष्ट सांगितली. कोणी हसले नाही. एकदोघे माझ्यावर रागावले, "महाराज, आता कशाला जुनं उकरता?" शेवटी ठरले ते असे: पंगत बसवायची, पण पहिली-दुसरी असे काही ठेवायचे नाही, जो येईल तो मिळेल त्या जागी बसेल. वाढपी निम्मे गावठाणातले, निम्मे वाड्यांवरचे. भाजीचे पातेले प्रत्येक ओळीच्या मध्यभागी ठेवायचे आणि ज्याला हवी त्याने हाताने घ्यायची.

हे सगळे नीट जमले असे नाही. अडीच तास लागले, तरुण मंडळी कुरकुरली. एका ओळीत भाजी लवकर सरली आणि तिथे बाचाबाची झाली. टाकलेले अन्न गेल्या वर्षीच्या मानाने थोडे होते, तरी दीड बादली निघालेच. पुढच्या वर्षी काय करायचे ते अजून ठरायचे आहे.

मी पाहुण्यांबरोबर न बसता कडेच्या ओळीला बसलो. मठ्ठा वाढायला तीच म्हातारी आली. पदर खोचलेला, हातात बादली. माझ्या वाटीत एक डाव ओतून विचारले, "महाराज, आनखी?" मी वाटीवर हात आडवा धरून पुरे म्हणालो. तिने माझा हात बाजूला केला आणि तळापासून ढवळून आणखी एक डाव ओतला.