कामोदक

काकांचा दहावा पूर्णेच्या काठी झाला तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. काका बिनलग्नाचे, म्हणून पिंडदान माझ्या हातून. वरच्या अंगाला बाभळीखाली एक माणूस अनवाणी उभा होता. शेजारच्या गावचे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. तीस-पस्तीस वर्षं दोघांनी मिरचीचे वाफे एकत्र लावले, कापसाच्या गाड्या एकत्र सिल्लोडला आणल्या. दहा दिवस मामांनी पायात वहाण घातली नव्हती. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "तुम्हाला कुठं आलं सुतक?" मामा काही बोलले नाहीत. पाणी न देताच परतले.

त्या दोघांत काय होतं, ते मी सांगू शकत नाही. पण रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' पाहताना मला ती बाभूळ आठवली. २०२५च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात या मराठी चित्रपटाला जागतिक विभागातलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला. वडील गेले म्हणून आनंद मुंबईहून गावी येतो. दहा दिवसांचं सुतक, अनवाणी पाय, आणि 'आता लग्नाचं बघा' म्हणणारे नातेवाईक. तिथं त्याला बालपणीचा बाळ्या भेटतो, शेती करणारा, लग्न टाळत आलेला. पार्श्वसंगीत नाही. आईला मुलाचं सगळं ठाऊक आहे. सुतकातच आनंद आणि बाळ्याचं प्रेम उमलतं, आणि ते मला कुठंही अमंगळ वाटलं नाही.

प्रश्न मला पुढचा पडला. उद्या बाळ्या गेला, तर आनंदला सुतक येईल का?

आपलं सुतक रक्ताच्या हिशेबानं चालतं. सपिंडांना, म्हणजे जवळच्या भावकीला, दहा दिवस, नातं लांबेल तसं कमी. ज्या चुलतभावाशी वीस वर्षं बांधाचा दावा चालला त्याचंही पाळायचं; ज्याच्यासोबत आयुष्य काढलं त्याचं नाही. कायद्याकडे जावं, तर ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं असं प्रेम गुन्ह्यातून सोडवलं, पण १७ ऑक्टोबर २०२३ला त्याला विवाहाचा हक्क दिला नाही. म्हणजे नदीवर "नातं काय?" असं विचारलं, तर सांगायला शब्द नाही.

शास्त्रात मात्र एक शब्द सापडतो. विज्ञानेश्वरांनी जिच्यावर 'मिताक्षरा' लिहिली त्या याज्ञवल्क्यस्मृतीत, अशौचाच्या प्रकरणात, 'कामोदक' येतं. काम म्हणजे इथं इच्छा. मित्र, सासरा, भाचा, दिलेली लेक, ऋत्विज यांपैकी कुणी गेलं, तर वाटल्यास पाणी द्यावं. न दिलं तरी दोष नाही. स्मृतिकारांच्या मनात दोन पुरुषांचं प्रेम होतं असा माझा दावा नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. पण रक्ताचं नसलेलं, केवळ मनानं दिलेलं पाणीही मृतापर्यंत पोचतं, हे त्यांनी मान्य केलं होतं. सपिंडाचं पाणी कर्तव्याचं, न देऊन चालत नाही. कामोदक देणाऱ्यावर कसलीच सक्ती नसते. मला ते पाणी मोठं वाटतं. मामांचं तेच होतं आणि आम्ही ते अडवलं. ओंजळ माझी होती. मी त्यांना हाक मारू शकलो असतो.

आमच्या तालुक्यातल्या गुरुजींना आणि भावकीला माझी हात जोडून विनंती आहे. दहाव्याला घरच्यांचं पाणी झालं की एकदा मोठ्यानं विचारा, "आणखी कुणाला द्यायचंय का?" आणि जो पुढे येईल, त्याला नातं विचारू नका.