सुटीवर गेलेल्या पेढ्या

आपल्याकडे पूर्वी एखाद्या सावकाराची पेढी बुडाली म्हणजे तो भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी आणि ‘दिवाळे’ हा शब्द त्यावरूनच आला, असे सांगतात. ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, त्या रिवाजात एक प्रकारचा रोखठोकपणा होता खास. बुडालेला मनुष्य आपले बुडणे चव्हाट्यावर मांडून मोकळा होत असे. १९३३ च्या मार्च महिन्यात अमेरिकेसारख्या धनाढ्य राष्ट्रातील यच्चयावत बँका एका हुकमासरशी बंद झाल्या, तेव्हा त्या घटनेस नाव मिळाले ते मात्र ‘बँकांची सुटी’. हा शब्द केवळ लाज झाकण्यासाठी योजलेला आहे, असे मला पुष्कळ दिवस वाटत असे. आता तसे वाटत नाही.

‘ठेव’ या आपल्या शब्दातच एक गोड गैरसमज दडलेला आहे. आजीने कोनाड्यात ठेवलेली पुरचुंडी जशी मागताच हाती येते, तशी बँकेतली रक्कमही आपल्या नावाने कुठेतरी जागच्या जागी पडून आहे, असे सामान्य ठेवीदार धरून चालतो. वस्तुतः ती रक्कम कुणाच्या शेताच्या गहाणखतात, कुणाच्या इमारतीत, कुणा कंपनीच्या रोख्यांत जाऊन बसलेली असते आणि वर्षानुवर्षे तिथून हलत नाही. देणे मागताक्षणी फेडावयाचे आणि येणे सवडीने यावयाचे, या विसंगतीवरच बँकेचा सारा संसार उभा असतो. म्हणून अफवा उठताच बँकेच्या दाराशी धावणाऱ्या माणसाला वेडा ठरवणे मला अन्यायाचे वाटते. जो पहिला पोहोचतो त्याला पूर्ण रक्कम मिळते, शेवटच्याला कदाचित काहीच नाही. अशा स्थितीत धीर धरून घरी बसणारा मनुष्य शहाणा नव्हे, तो इतरांच्या शहाणपणाचे मोल भरणारा असतो. न्यूयॉर्कची ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ ११ डिसेंबर १९३० रोजी बंद पडली, तेव्हा चार लाखांच्या आसपास ठेवीदार अडकले. नावावरून ती सरकारी वाटे. होती मात्र निव्वळ खासगी.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांचे कायदे बँकांना शाखा पसरू देत नसत, त्यामुळे गावागावांत एकेका पिकावर आणि एकेका कारखान्यावर तगून असलेल्या हजारो एकट्यादुकट्या बँका निर्माण झाल्या होत्या. शेजारच्या कॅनडात मोजक्या दहा बँका आणि त्यांच्या देशभर पसरलेल्या शाखा. तिथे त्या वर्षांतली जागतिक मंदी काही कमी तीव्र नव्हती, पण त्या काळात एकही बँक बुडाली नाही. अमेरिकेत अखेरचा धक्का मिशिगनने दिला. डेट्रॉइटची एक मोठी ट्रस्ट कंपनी वाचवण्यासाठी हेन्री फोर्डने आपल्या ठेवीचा हक्क इतरांच्या मागे ठेवावा, अशी विनवणी झाली; फोर्डने साफ नकार दिला, आणि १४ फेब्रुवारी १९३३ रोजी गव्हर्नरांनी राज्यातील सर्व बँका आठ दिवसांसाठी बंद केल्या. एका राज्याचे दार लागताच लोक शेजारच्या राज्यातून पैसा काढू लागले, म्हणून तेही दार लागले. असे होता होता ४ मार्चच्या पहाटे न्यूयॉर्क आणि इलिनॉय ही राज्येही बंद झाली. त्याच दुपारी रूझवेल्ट यांचा शपथविधी होता. मावळते अध्यक्ष हूव्हर संयुक्त कृती मागत होते, उगवते अध्यक्ष ती नाकारीत होते. त्या मधल्या दिवसांबद्दल दोघांपैकी कुणालाही मी सहजी माफ करणार नाही.

६ मार्चला देशव्यापी बंदीचा हुकूम निघाला, तोही १९१७ च्या शत्रूशी व्यापार रोखणाऱ्या कायद्याच्या आधारे! या बंदीचे मर्म असे की, तिने पहिल्या येणाऱ्याचा लाभच नाहीसा केला. सर्वांनाच दार बंद म्हटल्यावर धावण्यात अर्थ उरला नाही. ९ मार्चला एका दिवसात संमत झालेल्या कायद्याने बँकांच्या जवळजवळ कोणत्याही मालमत्तेच्या तारणावर नव्या नोटा काढण्याची मुभा दिली. १२ मार्चच्या रात्री रूझवेल्ट आकाशवाणीवरून साध्या भाषेत बोलले, त्या भाषणाचे कौतुक सर्वजण करतात. पण त्या गोड शब्दांमागे छापखाना सज्ज होता, हे विसरले जाते. त्या नोटांची पुढे फारशी गरज पडली नाही. जामीन भक्कम असला म्हणजे सावकार तगादा लावीत नाही, तशातला हा प्रकार.

१३ मार्चपासून बँका टप्प्याटप्प्याने उघडल्या. ज्या उघडतील त्या सुस्थितीत आहेत, असे सरकारने सांगितले. परंतु हजारो बँकांची दप्तरे चार दिवसांत तपासणे कोणाला शक्य होते? कॅलिफोर्नियात चारशेहून अधिक शाखा असलेली जियानिनी यांची बँक ऑफ अमेरिका उघडू नये, असे सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे प्रमुख कॅल्किन्स यांचे मत होते. अर्थमंत्री वुडिन यांनी त्यांना विचारले की, ती बंद ठेवण्याची जबाबदारी तुम्ही पत्करता काय? त्यांनी ती पत्करली नाही, आणि बँक उघडली. म्हणजे ‘सुस्थिती’चा निर्णय हिशेबाने झाला नाही; बंद ठेवण्याचे धाडस कुणाजवळ नव्हते म्हणून झाला. तरीही सरकारचे विधान मी असत्य मानीत नाही, कारण ते उच्चारल्यानेच बऱ्याच अंशी खरे झाले. ज्यांनी पैसा काढून नेला होता तेच पुन्हा रांगा लावून भरू लागले. पत-विश्वासाच्या व्यवहारात असे घडते. विहिरीच्या पाण्याबाबत कधीच घडत नाही.

परंतु ज्यांच्या बँकेला ते वाक्य लाभले नाही, त्यांचे काय? सुटी जाहीर झाली त्या वेळी चालू असलेल्या बँकांपैकी पाच हजारांहून अधिक बँका सुटी संपताच उघडल्या नाहीत, आणि त्यांतील दोन हजारांहून अधिक पुढेही कधी उघडल्या नाहीत. आपल्याकडे १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यावर १९६२ पासून ठेवविमा आला. अमेरिकेतही तो असाच मागाहून, १ जानेवारी १९३४ पासून, ठेवीदारामागे २,५०० डॉलरपर्यंत लागू झाला. पूर्वीच बंद पडलेल्या बँकांतील ठेवींना त्याचा उपयोग नव्हता. ते ठेवीदार अवसायकाकडून हप्त्याहप्त्याने जे येईल त्याची वाट पाहत राहिले.