श्रेय कोणाचें, दोष कोणाचा ?

युद्धांतील यंत्रांविषयीं बोलणें निघालें कीं सुशिक्षित मनुष्य एक वाक्य हमखास उच्चारतो : “यंत्र बिचारें काय करील ? तें चांगलेंही नाहीं आणि वाईटही नाहीं. वापरणारा जसा, तसें तें.” या वाक्यानें वाद मिटतो व मनाला स्वस्थताही लाभते. परंतु जी स्वस्थता इतक्या स्वस्तांत मिळते ती एकदां पारखून घ्यावी हें बरें. त्या कामीं रणगाड्याचें उदाहरण फार उपयोगी आहे. कारण या यंत्राचा जन्म, त्याचें बारसें आणि त्याच्या जनकत्वाविषयींचा तंटा, सर्व कांहीं कागदोपत्रीं नमूद आहे.

रणगाडा क्रौर्यांतून जन्मला नाहीं, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. १९१४ सालच्या अखेरीस पश्चिम आघाडीवर दोन्ही बाजूंचीं सैन्यें खंदकांत रुतून बसलीं. मध्यें काटेरी तारांचें रान आणि त्यापलीकडे मशीनगन. या दोहोंपुढें उघड्या छातीचा शिपाई म्हणजे विळ्यापुढचें गवत. १ जुलै १९१६ रोजीं, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशीं, ब्रिटिशांचे सुमारें ५७ हजार लोक कामास आले, आणि त्यांपैकीं १९ हजारांहून अधिक प्राणांस मुकले. हा संहार टाळावयाचा तर शिपायाभोवतीं पोलादाची भिंत हवी आणि ती भिंत चालती हवी, हा विचार अर्नेस्ट स्विंटन या अधिकाऱ्यास त्यापूर्वींच सुचला होता. आरमारखात्याचे प्रमुख चर्चिल यांनीं फेब्रुवारी १९१५ मध्यें ‘भूनौका समिति’ नेमली, आणि लिंकन शहरीं शेतकीचीं यंत्रें करणाऱ्या एका कारखान्यांत ट्रिटन व विल्सन या दोघांनीं तें वाहन प्रत्यक्षांत उतरविलें. आपलीं माणसें मरूं नयेत, ही त्यामागची तळमळ खरी होती. तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

बारशाची कथा मात्र निराळी आहे. गुपित फुटूं नये म्हणून या वाहनास पाण्याची टाकी म्हणावें असें ठरलें, आणि ‘टँक’ हें नांव त्यास कायमचें चिकटलें. या इंग्रजी शब्दाचें मूळ शोधतांना कोशकार गुजराती-मराठींतील ‘टाकें’ या शब्दापर्यंत येऊन पोंचतात. गडावर कातळांत खोदलेलें, वेढ्याच्या दिवसांत शेंकडों जीव जगविणारें तें आपलें टाकें ! जीव घेणाऱ्या यंत्रानें जीव जगविणाऱ्या वस्तूचें नांव पांघरलें. युद्धकाळीं शत्रूपासून गुपित राखणें क्षम्य असेल. पण शत्रूस फसविण्यासाठीं घेतलेलें सोंग पुढें आपणांसच फसवूं लागतें.

१५ सप्टेंबर १९१६ रोजीं हे गाडे प्रथम रणांत उतरले. ४९ पैकीं कसेबसे ३२ हल्ल्याच्या जागीं पोंचले. वजन २८ टन, आंत आठ माणसें, आणि वेग पायीं चालणाऱ्याचा. आंतील माणसांचे हालही थोडे नव्हते. इंजिन त्याच कोठडींत धडधडत असे. उष्णता आणि विषारी धूर यांनीं माणसें बेशुद्ध पडत. बाहेर गोळी आदळली कीं आंत पोलादाचे कण उडत, म्हणून तोंडावर कड्यांच्या जाळीचा मुखवटा बांधावा लागे. आणि बाहेरचें जग पाहावयास होत्या त्या केवळ अरुंद फटी. या फटींत मला या यंत्राचें सारें नीतिशास्त्र दिसतें. ज्या भिंतीनें शिपायास गोळीपासून वांचविलें, तिनेंच समोरच्या माणसाचा चेहराही त्याच्या दृष्टिआड केला. आपल्या माणसाविषयींच्या दयेनें ही भिंत उभारली खरी. पण ती दया त्या भिंतीशींच थांबली.

२० नोव्हेंबर १९१७ रोजीं काम्ब्रे येथें पावणेचारशें लढाऊ रणगाडे एकदम पुढें सरले व एका दिवसांत सुमारें पांच मैल मुलूख हातीं आला. इंग्लंडमध्यें देवळांच्या घंटा वाजल्या. दहा दिवसांनीं जर्मनांनीं प्रतिहल्ला केला आणि त्यांतील बराच मुलूख परत घेतला. तरी यंत्राची शक्ति जगास कळून चुकली होती.

युद्ध संपल्यावर १९१९ मध्यें शोधकांना बक्षिसें देण्यासाठीं नेमलेल्या राजमान्य मंडळापुढें रणगाड्याच्या श्रेयाचा प्रश्न आला. दावेदार अनेक होते. विल्सन व ट्रिटन यांस मिळून १५ हजार पौंड मिळाले, स्विंटन यांस एक हजार. द मोल नांवाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थानें १९१२ सालींच असा आराखडा सरकारकडे धाडला होता, त्याची तारीफ झाली. आतां आरंभींचें तें वाक्य येथें लावून पाहा. यंत्र चांगलेंही नाहीं आणि वाईटही नाहीं, तर मग हीं बक्षिसें कशाचीं ? विजयाचें श्रेय जर यंत्रांतून त्याच्या कर्त्यापर्यंत पोंचूं शकतें, तर दोषानेंच वाटेंत कां अडावें ? मे १९४० मध्यें गुडेरियनच्या रणगाड्यांनीं सेदां येथें म्यूज नदी ओलांडली आणि आठवड्याभरांत समुद्र गांठला. बेल्जम-फ्रान्सच्या रस्त्यांवर लक्षावधि बायकामुलें घरदार टाकून धांवत सुटलीं. त्या दिवशीं श्रेय मागावयास मंडळापुढें कोणीही उभा राहिला नसता.

यावर कोणी म्हणेल, “मग काय, असलीं यंत्रें घडवूंच नयेत ?” हा आक्षेप वजनदार आहे. सोव्हिएट शिल्पज्ञ मिखाईल कोश्किन यानें टी-३४ हा रणगाडा रचला. १९४० च्या वसंतऋतूच्या आरंभीं त्याचे दोन नमुने खारकोव्हहून मॉस्कोपर्यंत चालवीत नेले. त्या थंडींत तो आजारी पडला आणि सप्टेंबरांत वारला. पुढच्याच वर्षीं हिटलरनें त्याच्या देशावर स्वारी केली, आणि ती परतविण्यांत त्या रणगाड्याचा वाटा फार मोठा होता. कोश्किननें हात निर्मळ राखण्यासाठीं काम नाकारलें असतें, तर त्या निर्मळपणाची किंमत इतरांनीं मोजली असती. परंतु कथा तेथें संपत नाहीं. १९५६ मध्यें बुडापेस्टच्या रस्त्यांत स्वातंत्र्य मागणाऱ्या हंगेरियन लोकांवर जे रणगाडे घातले गेले, त्यांत टी-३४ देखील होते.

“झालें तर ! वापरणाऱ्यावरच सारें अवलंबून,” असें कोणी म्हणेल. तसें नव्हे. विळीनें भाजी चिरतात, क्वचित् कोणी माणूसही कापतो. रणगाड्यास दुसरी भाजी नाहीं. आंतल्यास अभय आणि बाहेरच्यास भय, हाच त्याचा धर्म. तो कोणाच्या हातीं पडेल हें कर्त्यास ठाऊक नसतें. काय करील हें मात्र पुरतें ठाऊक असतें. म्हणून असें यंत्र केव्हां केव्हां आवश्यक ठरेल, पण निर्दोष कधींच ठरणार नाहीं. आवश्यक आणि निर्दोष हे दोन शब्द आपण एकच समजतों, तेथें आपली चूक होते.

हा प्रश्न दूरचा मानूं नये. १४ जुलै १९१६ रोजीं सोमच्याच रणांगणावर हाय वुड येथें डेक्कन हॉर्स पथकाचे हिंदी स्वार भाले घेऊन मशीनगनच्या प्रदेशांत दौडले. त्याच पथकानें १९६५ मध्यें असल उत्तर येथें शर्मन रणगाडे घेऊन देशाची सीमा राखली. त्या विजयाचा आनंद आपण मानला, व तो योग्यच होता. मात्र आनंदाच्या भरांत वाल्या कोळ्याची गोष्ट विसरूं नये. लुटीवर पोसलेल्या घरच्या माणसांस त्यानें विचारलें, “माझ्या पापाचे वाटेकरी व्हाल का ?” आणि सर्वांनीं माना फिरविल्या. शिपायाची गोष्ट वाल्याची नव्हे, हें खरें; तो लुटारू नाहीं, रक्षक आहे. पण त्यानें राखलेल्या घरांत आपण सुखानें निजतों, त्या अर्थीं प्रश्न आपणांसही लागू आहे. फटीबाहेरचा चेहरा त्यास दिसला नसेल. तो आठवण्याचें काम घरांत बसलेल्यांचें आहे. निदान आपण तरी मान फिरवूं नये.