नैसर्गिक हक्क आणि त्यांचे देणेकरी

मनुष्याचे कांहीं हक्क त्याच्या जन्माबरोबरच येतात, कीं कायदा त्यांस जन्म देतो, हा वाद जुना आहे. लॉकच्या मतें जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांचे हक्क राजसत्तेच्याहि पूर्वींचे होत. बेंथामच्या मतें कायद्यावांचून हक्कांची गोष्ट बोलणें ही निव्वळ वाचाळता. या वादाचा निकाल केवळ ग्रंथांत लागेल असें आम्हांस वाटत नाहीं. वाचकांनीं वैशाख महिन्यांत आमच्याबरोबर ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांत यावें.

सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश. पावसाळ्यांत येथें मुसळधार पाऊस पडतो. पण काळा कातळ पाणी धरून ठेवीत नाहीं, तें ओढ्यानाल्यांनीं वाहून जातें. तें अडवून मुंबईनें १८९२ सालीं तानसा तलाव पुरा केला. पुढें भातसा धरण झालें, आणि आज मुंबईच्या पाण्याचा निम्म्याच्या आसपासचा भाग एकट्या भातशाचा आहे. तरी याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत विहिरी आटतात, आणि बाया हंडे मांडून टँकरची वाट पाहात बसतात. धरण खालीं, पाडा वर. पाणी वर चढवावयाचें तर पंप, वीज व पैसा लागतो.

या बाईस स्वतंत्र म्हणावें काय? तिला कोणी बांधून ठेविलेलें नाहीं. तिला मताचा अधिकार आहे. राज्यघटनेच्या २१व्या कलमांतील जीविताच्या हक्कांत पाण्याचा हक्क येतो, असें न्यायालयांनींहि म्हटलें आहे. पण तिच्या दिवसाचा मोठा भाग हंड्यानें घेतला आहे. मुलीस शाळेंत पाठवावें कीं पाण्यास, ही निवड तिच्या हातीं आहे खरी. परंतु जिच्या दोन्ही बाजूंस नुकसानच, तिला निवड म्हणणें ही भाषेची थट्टा होय. स्वातंत्र्य म्हणजे केवळ कोणी न अडविणें नव्हे. आपला वेळ आपल्या विचारानें खर्चितां येणें, हें त्याचें पहिलें लक्षण आहे.

मग तिच्या हक्कांत उणें काय? उणा आहे तो देणेकरी. सावकाराच्या वहींत देणेकऱ्याचें नांव नसेल, तर रकमेचा आकडा कितीहि मोठा असो, वसूल कांहीं होत नाहीं. महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें अस्पृश्यांस खुलें करण्याचा ठराव १९२४ सालीं केला. परंतु तो पाळण्याचें कर्तव्य गांवानें आपलें म्हटलें नाहीं, आणि डॉ. आंबेडकर २० मार्च १९२७ रोजीं अनुयायांसह तळ्यावर गेले तोंपर्यंत ठराव कागदावरच राहिला. उलट जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, तेव्हां तसें करण्यास कोणत्याच कायद्यानें त्यांस भाग पाडलें नव्हतें. तेव्हां बेंथामचें म्हणणें अपुरें ठरतें, कारण कायद्याआधींहि हक्क ओळखतां येतो. आणि लॉकचेंहि अपुरें ठरतें, कारण कर्तव्य पत्करणारा कोणी नसेल तर जन्मसिद्ध हक्कहि कोरडाच राहतो.

लॉकनें मात्र एक अट घातली होती: सृष्टींतील वस्तु श्रमानें आपली करावी, पण इतरांस ती पुरेशी व तितकीच चांगली उरली पाहिजे. शहराचे वकील म्हणतील कीं धरणांवर शहराचा पैसा लागला, आणि शहरांतहि तहानलेले गरीब आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या. परंतु पैशानें भिंत बांधली, पाऊस पाडला नाहीं. शिवाय पाड्यांचें मागणें शहराच्या तहानेविरुद्ध नाहीं. गाड्या धुण्याच्या व बागा शिंपण्याच्या पाण्याआधीं पिण्याचा हंडा भरावा, एवढेंच आहे.

शेजारच्या मुरबाड तालुक्यांत या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. शहरांच्या पाण्यासाठीं काळू नदीवर धरणाचें काम वनजमिनीची परवानगी नसतां सुरू झालें. तें २०१२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें थांबविलें. ज्यांचें घर व रान बुडावयाचें त्यांस आधीं विचारणें, हा कांहीं त्यांच्यावर उपकार नव्हे. तेंहि पाण्याच्या देण्यांतच मोडतें.

तेव्हां आमची व्याख्या अशी: ज्यावांचून मनुष्यास आपलें जीवित स्वतःच्या विचारानें चालवितां येत नाहीं, तो त्याचा नैसर्गिक हक्क, आणि ज्याच्या सोयीसाठीं ती वस्तु दुसरीकडे वळविली गेली, तो त्या हक्काचा पहिला देणेकरी. सरकार हें देणें पोंचविण्याचें साधन आहे. देणेकरी आम्ही, घरांत नळ असलेले, आहों. उद्यां पाणीपट्टींत चार पैसे वाढले, आणि ते पाड्यावर पाणी चढविण्यास खर्चीं पडणार असले, तर कुरकुर न करतां ते भरणें ही त्या देण्याची अगदीं पहिली फेड होय.