अश्रू कोणाच्या बाजूने?

चित्रपट पाहून रडणे कितपत योग्य, हा प्रश्न कित्येकांना क्षुल्लक वाटेल. संत ऑगस्टीन यांना मात्र तो तसा वाटला नव्हता. चौथ्या शतकात कार्थेज नगरीत विद्यार्थी असताना त्यांना नाटकांचा मोठा नाद होता. पुढे आपले आत्मनिवेदन लिहिताना त्यांनी स्वतःलाच अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला: जे दुःख आपल्या वाट्याला येऊ नये असे माणसाला वाटते, तेच दुःख रंगमंचावर पाहायला तो इतक्या आवडीने का जातो? त्यांची तक्रार अशी, की रंगमंचावरील दुःखिताच्या मदतीला धावून जावे असे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. त्याने केवळ हळहळावे एवढीच अपेक्षा असते, आणि जितके अधिक रडू येईल तितका तो नाटककारावर अधिक खूश होतो.

संतांच्या या मताचा आदर राखूनही आम्हाला वाटते, की दोष अश्रूंचा नव्हे. लाजरसच्या कबरीपाशी खुद्द प्रभू येशूच्या डोळ्यांत पाणी आले होते. प्रश्न आहे तो रडताना आपण कोठे उभे असतो, हा.

उदाहरण घरचेच घेऊ. १९९१ साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ हा चित्रपट आला. पुण्यात तो प्रदीर्घ काळ चालला, आणि गावोगावच्या स्त्रिया जथ्याने जाऊन पदराने डोळे टिपत बाहेर पडल्या. अलका कुबल यांनी रंगवलेली लक्ष्मी बापालाही नकोशी आणि सासरीही छळली जाणारी. उषा नाडकर्णी यांच्या सासूला तर प्रेक्षागृहातून शिव्याशाप मिळत. विद्वान समीक्षकांनी या चित्रपटाला नाके मुरडली. आम्ही त्यांच्यात सामील होऊ इच्छित नाही. ज्या बाईला स्वतःच्या घरात रडण्याचीही मुभा नाही, तिला तीन तास अंधारात मोकळेपणाने रडता आले असेल, तर ते लहानसहान सुख नव्हे.

परंतु वाचकहो, त्या अंधारात केवळ सुनाच बसलेल्या नव्हत्या; सासवाही होत्या. आणि त्या सर्वजणी एकाच प्रसंगी, एकाच बाजूने रडत होत्या! एका घरी भेटीस गेलो असता (पापनिवेदनातील गोष्ट नव्हे, ओसरीवर चारचौघांत झालेले बोलणे आहे) घरातील वडीलधाऱ्या बाई आम्हाला म्हणाल्या, “फादर, त्या पोरीचे हाल बघवत नव्हते हो!” त्या हे बोलत असताना त्यांची सून चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी होती. आत यावे की न यावे, हे तिला ठरवता येत नव्हते.

बाईंचे अश्रू खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. ते खरे होते, म्हणूनच प्रश्न अवघड होतो. चित्रपटातील निरपराध जिवासाठी डोळे भरून आले की आपणही निरपराधांच्याच पंक्तीत आहोत असे मनाला वाटू लागते. दावीद राजाचेही असेच झाले होते. गरिबाचे एकुलते एक कोकरू श्रीमंताने हिरावून नेल्याची कथा नाथान संदेष्ट्याने सांगितली, तेव्हा राजा संतापला, त्या श्रीमंताला मृत्युदंड द्यायला निघाला. तो श्रीमंत माणूस तूच आहेस, असे नाथानला त्याला तोंडावर सांगावे लागले. चित्रपटगृहात नाथान नसतो. दिवे लागतात आणि आपण रिक्षा शोधू लागतो. क्रूसाच्या वाटेवरील आठव्या स्थानी आपण दरवर्षी थांबतो, तेथेही रडणाऱ्या स्त्रियांना प्रभूने काय सांगितले, ते वाचकांना ठाऊक आहेच.

सगळेच रडवणारे चित्रपट मात्र प्रेक्षकाला अशी सोयीची जागा देत नाहीत. आचार्य अत्रे यांचा १९५३चा ‘श्यामची आई’ आठवावा. तेथे प्रेक्षक श्यामच्या जागी असतो, आणि श्याम काही निर्दोष नाही. तो पोहायला भिऊन लपून बसतो, आईचा मार खातो. तो पाहताना आपल्याला आठवते ती आपण आपल्या आईला दिलेली उलट उत्तरे.

त्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान पुन्हा मराठीकडे येण्यास पन्नास वर्षे जावी लागली, आणि तो आणला संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने. कोकणातला एक आजोबा नातवाला घेऊन शहरातील मोठ्या रुग्णालयात येतो. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. हे त्या पोराला सांगायचे कसे, आणि कोणी? शस्त्रक्रिया लांबते, तेव्हा म्हातारा मुलाला गुपचूप रुग्णालयाबाहेर नेतो, का, तर डोळे आहेत तोवर त्याने जग पाहून घ्यावे म्हणून. या कथेत खलनायक नाही. शिव्याशाप द्यायला सासू नाही. डॉक्टर बुद्धिमान आहे, मनाने वाईटही नाही, पण त्याला वेळ नाही. ज्याला वेळ नाही अशा माणसाला आपण प्रत्येकजण ओळखतो, बहुतेकदा आरशात!

आमच्या कुटुंबांतील कितीतरी मुली परिचारिका आहेत. त्यांपैकी एकीला आम्ही सहज विचारले, की ‘श्वास’ पाहताना तुला कोठे रडू आले? मुलगा शेवटचे जग पाहतो तेथे, असे उत्तर येईल अशी आमची अटकळ होती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तो आजोबा दारात घुटमळतो ना फादर, कोणाला काय विचारावे ते त्याला कळत नाही, तिथे. अशा आजोबांना मी रोज ‘बाहेर बसा’ म्हणते.”