धुऱ्यावरचा मोह

मूलहून सोमनाथकडे जाताना धानाच्या बांध्यांमधून एक धुरा लागतो. अलीकडची शेती थोरल्या भावाची, पलीकडची धाकट्याची. बापाने जमीन वाटून दिली. धुऱ्यावरचा मोह मात्र तसाच राहिला, कारण तो वाटता येत नव्हता.

दरवर्षी फाल्गुन-चैत्रात त्या मोहापायी भांडण व्हायचं. फुलं पहाटे गळतात. ज्याची बायको आधी टोपली घेऊन पोचली, तिने दोन्ही बाजूंची वेचली, की दिवसभर शिवीगाळ. पुढे झाडाचा शेंडा वाळला, मग फांद्या, मग साल सुटून खाली पडू लागली. दोन पावसाळे गेले तरी पालवी फुटली नाही. आता भांडण उलटं झालं. "झाड तुझ्याकडे कललं आहे, तूच पाड," थोरला म्हणे. "बुंधा तुझ्या बाजूला आहे," असं धाकट्याचं उत्तर. हिरवं होतं तोवर झाड दोघांचं होतं. वाळलं तसं ते कोणाचंच राहिलं नाही. आणि त्याच्याखालून गावातली पोरं शाळेत जात होती.

एका वादळी रात्री मांडीएवढी फांदी त्या वाटेवर कोसळली. सकाळी पोरांनी ती ओलांडली आणि पुढे गेली. दोन्ही घरी महिन्या-महिन्याने जेवणाऱ्या मायने ते पाहिलं. ती दोघांनाही काही बोलली नाही, सरळ म्हाताऱ्या सुताराच्या दारात गेली.

सुतार आला तो कुऱ्हाड न घेता. आधी लांबून वर पाहिलं: कोणती फांदी अधांतरी अडकली आहे, झुकाव कुठे आहे, वीजतार किती अंतरावर आहे. मेलेल्या झाडाखाली पहिला धोका डोक्यावर असतो. मग वसुल्याच्या पाठीने बुंधा ठोकत तो भोवती फिरला. एका बाजूने भद्द आवाज आला, दुसरीकडून टणक. गिरमिटाने भोकं पाडली. पश्चिमेला चार बोटांवरच तपकिरी भुगा आला. पूर्वेला मात्र तांबूस, कोरडा, चिवट कीस येत राहिला. त्याने ढोलीत हात घातला आणि आतून कोळसा काढून दोघा भावांसमोर धरला.

"वाळवीनं नाई मारलं गा याले. वाळवी मागून आली."

फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा दरवर्षी पेटवला जात होता. एक वर्ष थोरल्याने, एक वर्ष धाकट्याने. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात उन्हाळ्यात लागणाऱ्या कितीतरी वणव्यांची सुरुवात अशीच होते. त्यामागे निव्वळ आळस असतो असं मी म्हणणार नाही. पहाटेच्या अंधारात वाकून फुलं वेचणाऱ्या बाईला भोवतालचं रान मोकळं हवं असतं, वाघाची भीती या भागात खरी आहे. पण आगीने बुंध्याची साल भाजते, तडकते, त्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि झाड आतून मऊ होत जातं. वरून ते अनेक वर्षं हिरवंच दिसतं.

दोघेही भाऊ कोळशाकडे पाहत राहिले. कोणाच्या वर्षीची आग लागली होती, हे त्यातून कळण्यासारखं नव्हतं.

"उद्याच पाडून टाकू," धाकटा म्हणाला.

"नाई. आधी कागद, मंग पाखरं, मंग कुऱ्हाड," सुतार म्हणाला.

मोह हे साग, आंबा, चिंच, बिजा यांच्यासारखंच १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीतलं झाड. ते मेलेलं असलं, जिवाला धोका करत असलं, तर परवानगी मिळते. पण ती मागावी लागते. झाड धुऱ्यावरचं, म्हणून अर्जाला दोन सातबारे आणि दोन सह्या लागल्या. वाटणीनंतर पहिल्यांदाच दोघांची नावं एका कागदावर एकाखाली एक आली. वनरक्षक येऊन पंचनामा करून गेला. महावितरणला कळवलं. वाटेवर काट्या टाकून ती बंद केली.

पाखरांसाठी थांबणं लोकांना पटलं नाही. वरच्या ढोलीत पिंगळ्याची पिलं होती, आणि धानाच्या शेताजवळ राहणारा पिंगळा उंदीर-किडे खातो. पिलं उडेपर्यंत सुताराने झाडाला पुन्हा गिरमिटसुद्धा लावलं नाही. मला या गोष्टीत हा माणूस सर्वांत मोठा वाटतो तो इथेच. घाई करायला त्याच्याकडे सबळ कारण होतं, पण तेवढ्यासाठी त्याने दुसऱ्याचं घर मोडलं नाही.

मे महिन्यातल्या बिनवाऱ्याच्या सकाळी काम सुरू झालं. झाडावर कोणीही चढायचं नाही, ही पहिली अट. कुजलेली फांदी माणसाचं वजन पेलेलच याचा भरवसा नसतो. दगड बांधलेली सुतळी फेकून जाड दोर वरच्या बेचक्यात नेला. तो दूरच्या ऐनाच्या बुंध्याला वळसा घालून बाजूला ओढून घेतला, म्हणजे ओढणारे पडणाऱ्या झाडासमोर येणार नाहीत. बघ्यांना झाडाच्या उंचीच्या दुपटीपेक्षा लांब उभं केलं. ज्या रिकाम्या बांधीत झाड पाडायचं त्या बाजूला खाच घेतली, मग पाठीमागून काप. मधे चांगल्या लाकडाची पट्टी बिजागरीसारखी राखून ठेवली. कुजक्या भागावर तशी बिजागरी टिकत नाही, झाड मनाला येईल तिकडे फिरतं. म्हणून तर आधी गिरमिट फिरवलं होतं. सुताराने कापणाऱ्यांच्या मागे तिरक्या दोन वाटा आधीच साफ करून ठेवल्या होत्या. पहिली करकर ऐकू येताच कापणारे त्या वाटांनी बाजूला झाले. एका दोरावर दोन भाऊ होते. झाड ठरल्या जागी पडलं.

खुंट धुऱ्यातच राहू दिला, कारण मुळं अजून माती धरून होती. ढोलीचा पोकळ तुकडा शेताच्या कडेच्या बिजाच्या झाडाला बांधला. पाखरं येतील तर येवोत. वाळवी लागलेलं लाकूड घरापासून लांब नेलं. भुगा धाकटा सरळ बांधीत टाकणार होता, त्याला सुताराने अडवलं. कच्चा लाकूडभुगा कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो, धान पिवळं पडतं. तो शेणाबरोबर खड्ड्यात गेला.

उरलं ते पूर्वेच्या बाजूचं निरोगी लाकूड. वाहतूक परवान्यासह ते आरागिरणीत जाऊन फळ्या होऊन परत आलं. टोकांना रंग फासला, मधे पट्ट्या घालून सावलीत थप्पी रचली. एक इंच जाडीला वाळायला साधारण एक वर्ष लागतं. थप्पी थोरल्याच्या गोठ्यात होती. पावसाळ्यात धाकटा दर आठवड्याला तिथे जाऊन फळ्या तपासायचा. आधी तो नुसताच तपासून परत फिरायचा. पुढे वहिनी चहा ठेवू लागली.

वर्षाने त्या लाकडातून शाळेच्या ओसरीसाठी दोन बाकं झाली आणि मायच्या खोलीची चौकट. उरलेल्या फळ्या कोणी मागितल्या नाहीत.

फाल्गुनात दोघांच्या शेतातले दुसरे मोह फुलले. थोरल्याने झाडाभोवतीचा पाचोळा खराट्याने दूर लोटला. धाकट्याने जुन्या लुगड्यांची पटकुरं शिवून खाली अंथरली. पहाटे दोघी जावा सोबतच निघाल्या, एक वेचायची तर दुसरी रानाकडे लक्ष ठेवायची. शेजारचा शेतकरी काडेपेटी घेऊन आपल्या मोहाकडे चालला होता. थोरल्याने त्याला हाक मारली आणि स्वतःचा खराटा त्याच्या हातात दिला.