मोबदला आणि ऋण

पवित्र शास्त्रातील राजांच्या पहिल्या ग्रंथात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आहे. अहाबाचा लोभ आणि ईजबेलीचे कपट यांची कथा म्हणूनच ती आपण बहुधा ऐकतो, आणि त्यामुळे तिच्यातील एक तपशील नजरेतून निसटतो. अहाब राजाने मळा हिसकावून घेण्याची भाषा प्रथम केलीच नव्हती. त्याने नाबोथापुढे दोन पर्याय ठेवले होते: याहून चांगला मळा घे, किंवा याची रोख किंमत घे. निव्वळ व्यवहार म्हणून पाहिले तर त्यात खोट काढता येणार नाही. तरीही नाबोथ नाही म्हणाला, कारण त्याच्या लेखी तो मळा वाडवडिलांचा वारसा होता.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाच्या जंगलात राहणाऱ्या माणसांपुढेही नेमके असेच दोन पर्याय ठेवले गेले आहेत. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, अंधारी अभयारण्य १९८६ चे, आणि दोन्ही मिळून ६२५ चौरस किलोमीटरचा व्याघ्रप्रकल्प झाला १९९५ साली. त्याच्या पोटात बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी, पळसगाव, रानतळोधी ही गावे होती. वस्ती प्रामुख्याने गोंडांची. २००७ साली बोटेझरी आणि कोळशाचा काही भाग उठून मूलजवळ भगवानपूर या नव्या नावाने वसला. पुढे नवेगाव आणि जामणी यांचेही स्थलांतर झाले. २००८ पासून केंद्राच्या योजनेत प्रत्येक कुटुंबामागे एक लाखाऐवजी दहा लाख रुपये देण्याचे ठरले. २०२१ मध्ये ती रक्कम पंधरा लाखांवर गेली. रोख रक्कम घ्यावी, किंवा वनविभागाकडून जमीन, घर आणि सोयी घ्याव्यात, असे हे दोन पर्याय आहेत.

अहाबाला मळा हवा होता तो स्वतःच्या भाजीपाल्यासाठी, आणि येथे जागा हवी आहे ती वाघासाठी, म्हणजे पर्यायाने सर्वांसाठी. हा फरक लहान नाही. २००६ च्या गणनेत देशात अवघे १,४११ वाघ उरल्याचे दिसले होते. २०२२ मध्ये सरासरी अंदाज ३,६८२ चा आला. हे यश खरे आहे आणि त्यात या विस्थापित गावांचा वाटा आहे. शिवाय अरण्यातील जीवनाचे शहरात बसून गोडवे गाणाऱ्यांशी आमचे जमत नाही. पावसाळ्यात वाट बंद पडली की आजाऱ्याला दवाखान्यापर्यंत न्यायचे कसे, रानडुकरांनी उद्ध्वस्त केलेल्या पिकाचे करायचे काय, हे त्या माणसांना विचारावे. त्यांतल्या अनेकांना बाहेर यायचे होते, आणि शाळा, रस्ता, वीज मागण्यात कोणताही स्वधर्मत्याग नाही.

प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. हेतू चांगला असला म्हणजे देणे कमी होते काय? आम्हाला वाटते, ते वाढते. लोभी राजाने घेतलेल्या मळ्याचा जाब विचारायला निदान एक राजा असतो, आणि एलिया संदेष्ट्याने तो विचारलाही. लोककल्याणासाठी घेतलेल्या गावाचा लाभ मात्र सर्वांमध्ये इतका वाटला जातो की, जाब द्यायला कोणीच उरत नाही. वाघ वाचला याचा आनंद आपण सारेच मानतो. जी वीज आपल्या देवघरापर्यंत येते, तिच्यातही चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राचा हिस्सा असतो. त्या केंद्राचे पाणी इरई धरणाचे आणि ते धरण ताडोबाच्या कुशीतले. मग लाभार्थी कोण, याची यादी करू लागलो तर आपल्या धर्मग्रामाचे नाव त्यातून वगळता येणार नाही.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत दुसऱ्या पर्यायाच्या पैशाची वाटणी दिलेली आहे. शेतजमीन मिळविणे व विकसित करणे यासाठी ३५ टक्के, हक्कांच्या निपटाऱ्यासाठी ३० टक्के, घर व त्याची जागा यासाठी २० टक्के, प्रोत्साहनपर ५ टक्के, आणि सामुदायिक सोयींसाठी १० टक्के. या शेवटच्या दहा टक्क्यांत रस्ता, सिंचन, पिण्याचे पाणी, वीज, समाजमंदिर, देवस्थान आणि स्मशानभूमी हे सारे बसवायचे आहे. ज्यांनी हे लिहिले त्यांना देव आणि मृत माणसे यांची आठवण राहिली, याबद्दल आम्ही त्यांचे मनापासून ऋणी आहोत. पुष्कळ सरकारी कागदांना तीही राहत नाही. परंतु ताडोबा हे नाव ज्या तारू देवावरून पडले, त्याचे ठाणे तलावाकाठी आहे आणि पौषात तेथे यात्रा भरण्याची परंपरा आहे. ते ठाणे कोणत्या टक्केवारीत हलवावे?

हक्कांच्या निपटाऱ्याचे ३० टक्केही असेच विचार करायला लावणारे आहेत. चैत्राच्या सुमारास मोह गळतो. तो वेचायला पहाटे निघतात त्या बहुतेक बायका. मोह, चारोळी, डिंक, हिरडा, बेहडा यांचा पैसा थोडा, पण तो बाईच्या हाती येतो आणि दुष्काळातही येतो. जंगल सुटले की हा पैसा संपतो, आणि त्याची भरपाई होते ती कुटुंबाच्या नावाने, एकदाच, ठोक स्वरूपात. रक्कम हिशेबाने बरोबर असेलही. पण ज्या घराला वर्षभर थोडे थोडे मिळण्याची सवय आहे, त्याला एकाच दिवशी लाखो रुपये दिल्यास ते पैसे टिकविण्याचे शिक्षण कोणी दिले? मोटारसायकलच्या दुकानदाराने दिले, हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही.

संमतीचा प्रश्न याहून बिकट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अशा स्थलांतरापूर्वी ग्रामसभेची मुक्त व समजून-उमजून दिलेली लेखी संमती लागते, आणि नव्या जागी जमीन व सोयी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हलविता येत नाही. पण गाभाक्षेत्र म्हणून रस्ता व्हायचा नाही, गुरे चारायची नाहीत, आणि मग विचारायचे की जाता काय? अशा वेळी आलेला होकार खोटा असतो असे आम्ही म्हणणार नाही. एवढेच विचारू की, नकार दिला असता तर तो जगता आला असता काय? शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा येथे गावाचे निर्णय सर्वसहमतीने होतात. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ते स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागले. ते गाव व्याघ्रप्रकल्पात नाही, तेव्हा तुलना ताणण्यात अर्थ नाही. पण तेथे होकाराला वजन आहे ते नकाराचीही सोय आहे म्हणून. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात मूळनिवासी समाजांना संवादातील मुख्य सहभागी मानावे असे सांगितले, त्याचा अर्थ आम्ही असाच लावतो.

होकार दिलेली माणसेही नंतर परत फिरतात. मेळघाटातून अकोला जिल्ह्यात वसविलेल्या काही गावांचे लोक, दिलेली आश्वासने पाळली गेली नाहीत असे म्हणत, २०१९ च्या जानेवारीत पुन्हा जंगलात शिरले. वनकर्मचारी आणि पोलीस यांच्याशी त्यांची चकमक झाली, दोन्हीकडची माणसे जखमी झाली.

मदत करणाऱ्यांची, त्यात आमच्या संस्थाही आल्या, एक खोड आहे. पहिल्या महिन्यात आपण भांडी, ब्लँकेटे, वह्या घेऊन जातो. तिसऱ्या वर्षी कोणी जात नाही. वस्तुतः कसोटी तेव्हा लागते: जमीन वनखात्याच्या नोंदीतून महसुलाच्या नोंदीत आली काय, सातबारा कोणाच्या नावे झाला, तो नसेल तर सोसायटी पीककर्ज देत नाही, विहिरीला पाणी लागले काय, ज्या गावाच्या चराईवर नवी वस्ती बसली त्या गावाशी बोलणे राहिले आहे काय. तहसील कचेरीत अर्ज घेऊन तीनदा हेलपाटे घालणारा एक लिहिता-वाचता माणूस तेथे शंभर ब्लँकेटांपेक्षा अधिक उपयोगी पडतो, आणि असे निवृत्त शिक्षक व कारकून प्रत्येक धर्मग्रामात आहेत.

नवेगाव, जामणी ही नावे आज पर्यटकांच्या तोंडी आहेत, पण ती व्याघ्रदर्शनाची माळराने म्हणून. योजनेप्रमाणे अठरा वर्षांवरील मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला जातो. यादीच्या दिवशी सतरा वर्षांचा असलेला धरला जात नाही. २००७ साली भगवानपुरात दहा वर्षांचा म्हणून आलेला मुलगा आता तिशीकडे झुकला असेल. त्याची संमती कोणी विचारली नव्हती, मोह वेचण्याचे रान त्याला नाही, आणि बापाच्या जमिनीत त्याच्या भावांचेही वाटे आहेत. नंतरच्या योजनेतील त्या शंभर टक्क्यांच्या वाटणीतही अशा मुलासाठी वेगळा हिस्सा कोठेच दाखविलेला नाही.